ब्लॅडर एक्स्ट्रॉफी: लेकीच्या जन्मापासून दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनपर्यंत

या मे महिन्यात तपासणी झाली आणि सर्जननी फाइलवर लिहिलं, 'पुढची भेट एक वर्षाने'. लेक जन्मल्यापासून इतकी लांबची तारीख पहिल्यांदाच मिळाली. ऑगस्टमध्ये तिला नऊ वर्षं पूर्ण होतील. ती जन्मली त्या आठवड्यात मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते शोधत होते, आणि कामाचं काही हाती लागलं नव्हतं. ज्यांच्या घरी आत्ता तो आठवडा चालू आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते.

आधी आजार समजून घ्या. ब्लॅडर एक्स्ट्रॉफीत बाळाच्या ओटीपोटाची भिंत पुढून जुळलेली नसते. मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, पिशवीसारखं बंद न होता पोटावर उघडं राहतं. बेंबीच्या खाली लालबुंद, ओलसर चकती दिसते. ती मूत्राशयाची आतली बाजू. तिच्यावर दोन बारीक छिद्रं असतात, तिथून किडन्यांची लघवी थेंबाथेंबाने सतत बाहेर येते. कमरेची हाडं पुढे जिथे एकमेकांना मिळतात तिथे फट असते, मूत्रमार्गही वरून उघडा असतो. साधारण 30 ते 50 हजार जन्मांमागे एका बाळाला हे होतं, मुलींपेक्षा मुलांना जास्त. किडन्या बहुतेक वेळा उत्तम असतात. बुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही. ही शेवटची दोन वाक्यं मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

एप्रिल 2016 मध्ये विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली होती. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: मूत्राशय दिसलं नाही, रिकामं असावं. गर्भजल व्यवस्थित, किडन्या व्यवस्थित. कुणी पुढे काही विचारलं नाही. पोटातलं बाळ लघवी करतं, मूत्राशय भरतं आणि रिकामं होतं, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघितलं की ते दिसायला हवं. गर्भजल भरपूर आहे, किडन्या दिसताहेत आणि मूत्राशय पुन्हा पुन्हा बघूनही दिसत नाही, बेंबीही नेहमीपेक्षा खाली वाटते, असं असेल तर गरोदरपणातच मुलांच्या सर्जनला भेटायचं. आधी कळलं तर प्रसूती कुठे करायची ते तरी ठरवता येतं.

तिचा जन्म ऑगस्ट 2016 चा, सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रसूतिगृहातला. डॉक्टरांनी असं बाळ पूर्वी पाहिलं नव्हतं. बेंबीला नेहमीची प्लास्टिकची क्लिप लावली आणि उघड्या भागावर कोरडा गॉज ठेवला. रात्रीत तो चिकटला आणि सकाळी काढताना रक्त आलं. मुलगी की मुलगा, तेही तिथे कुणी खात्रीने सांगेना. डिस्चार्ज कार्डावर ती जागा कोरीच सोडली. सासूबाईंनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा सिस्टरनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पुण्यात मुलांच्या सर्जनकडे पोहोचलो. त्यांनी बाळाला नीट तपासलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले, "मुलगी आहे. काही शंका नको." सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं, तसं पत्र त्यांनी लगेच लिहून दिलं. हे पत्र फार महत्त्वाचं. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते, पण प्रसूतिगृहाने पाठवलेल्या अर्जात लिंगाचा रकाना चुकला तर पुढे प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज, हेलपाटे. आमच्या प्रसूतिगृहाने अर्ज अजून पाठवला नव्हता, ते एक बरं झालं. नवऱ्याने पत्राची प्रत नेऊन दिली, रकाना स्वतः समोर बसून भरून घेतला आणि दाखला घेऊनच परतला. जन्मदाखला नसेल तर पुढे सरकारी योजनेचं काम अडतं, म्हणून या कामाला पहिल्या आठवड्यातच लागा.

पुण्याच्या सिस्टरनी मला जे शिकवलं ते इथे जसंच्या तसं देते. बेंबीची प्लास्टिकची क्लिप काढून तिथे दोरा बांधायचा, कारण क्लिप त्या नाजूक भागावर घासते. उघड्या भागावर गॉज, कापूस, पावडर, हळद, काहीही लावायचं नाही. अन्न झाकायला वापरतात ती पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म घ्यायची, हाताएवढा तुकडा कापायचा, आणि सलाइनने भाग धुऊन फिल्म अलगद वर ठेवायची. त्यावरून डायपर. प्रत्येक डायपरला नवा तुकडा. आजूबाजूच्या कातडीवर झिंकचं मलम, पण ते लाल भागावर येऊ द्यायचं नाही. बाळाला छातीशी धरता येतं, अंगावर पाजता येतं, कोमट पाण्याने अंघोळ घालता येते. फिल्मचा रोल किराणा दुकानात शंभर-सव्वाशे रुपयांना मिळाला आणि महिनाभर पुरला. सलाइनची बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची.

ऑपरेशनचं मात्र त्या सर्जननी स्वतःहून थांबवलं. त्यांनी जे सांगितलं ते मी आजही प्रत्येक आईबापाला सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हाडं मऊ असतात, तेव्हा ती न कापताही जवळ आणता येतात, म्हणून पूर्वी लगोलग ऑपरेशन करण्याकडे कल असे. त्या मुदतीनंतर कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी कापून पुढे जुळवावी लागतात. पण मूत्राशय बंद करण्याचं पहिलं ऑपरेशन यशस्वी होणं सगळ्यात महत्त्वाचं. ते उसवलं, तर पुढे लघवीवर ताबा येण्याची शक्यता खूप कमी होते. "मी वर्षाला अशी एखादीच केस करतो," ते म्हणाले. "ज्यांच्याकडे सतत येतात त्यांच्याकडे जा. दोन-तीन महिने थांबलात तरी चालेल, बाळाचं वजनही वाढेल." मुंबईतल्या एका ट्रस्टच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी त्यांनी चिठ्ठी दिली. पुण्यातलं बिल सगळं मिळून 38 हजार झालं. स्वतःकडे आलेला पेशंट असा दुसरीकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आम्ही अहमदाबादचाही विचार केला होता. तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये 2009 पासून अमेरिकेतले आणि तिथले सर्जन मिळून जानेवारीत शिबिर घेतात, देशभरातून याच आजाराची मुलं येतात. ज्यांचं पहिलं ऑपरेशन फसलंय त्यांनी तर तिथे नक्की विचारावं. आम्हाला मुंबई जवळची पडली, आणि या आजारात वर्षानुवर्षं जाऊन-येऊन राहावं लागतं हे तेव्हाच कळलं होतं.

मुंबईच्या पहिल्या भेटीला मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? हाडांचे डॉक्टर त्याच वेळी असतात का? नंतर दुखण्यावर काय देता? पुढची दहा वर्षं आम्ही कुणाकडे यायचं? सर्जनना राग आला नाही. उलट शेवटच्या प्रश्नावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्र काढून टप्पे समजावले: आधी मूत्राशय बंद करणं, मग ते वाढायची वाट बघणं, मग चार-पाच वर्षांची झाल्यावर ताबा येण्यासाठीचं ऑपरेशन. काही ठिकाणी पहिल्याच वेळी बरंचसं एकत्र करतात, काही ठिकाणी टप्प्याटप्प्याने. मुलग्यांमध्ये लिंगाच्या दुरुस्तीचा टप्पा वेगळा असतो.

गावी घरात तोवर ग्रहणाची चर्चा रंगली होती. मार्च 2016 मध्ये सूर्यग्रहण झालं होतं, मी त्या दिवशी भाजी चिरली असणार असं आत्तेसासूबाईंचं म्हणणं. मी सर्जनना सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, ओटीपोटाची भिंत गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत बनते, तुमचा मार्च त्यानंतरचा. "आईने काही केलं म्हणून हे होत नाही, आणि काही केलं नाही म्हणूनही होत नाही." सासूबाई सोबत होत्या. घरी आल्यावर त्यांनीच तो विषय बंद केला. घरातल्या मोठ्या माणसांना एकदा तरी डॉक्टरांसमोर बसवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. आपण दहा वेळा सांगून जे होत नाही ते तिथे एका वाक्यात होतं.

आता ऑपरेशनच्या खर्चासाठीच्या सरकारी योजनेबद्दल. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. 2017 मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आमचं रेशनकार्ड केशरी, तेव्हा मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, काउंटर असतो. त्यांना रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला, सर्जनची चिठ्ठी आणि सोनोग्राफी दिली. बाळाचं नाव रेशनकार्डावर नव्हतं, म्हणून आईचं आधार आणि जन्मदाखला जोडून, बाळासोबत माझा फोटो काढून अर्ज वर गेला. मंजुरी एकदा त्रुटी काढून परत आली, कारण जन्मदाखल्यावरचं माझं नाव माहेरच्या पद्धतीने लिहिलं होतं आणि रेशनकार्डावर सासरचं. तहसीलच्या आवारात प्रतिज्ञापत्र करून आणलं तेव्हा ते सुटलं. आता मर्यादा पाच लाखांची आहे आणि पांढऱ्या कार्डालाही योजना लागू आहे, पण नावातला असा फरक आजही कागद अडवतो. प्रसूतिगृहात नाव सांगतानाच आधारवर आहे तसंच सांगा.

ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातली मिळाली. नवऱ्याने सोसायटीतून उचल घेऊन पैसे घरात आणून ठेवले, सगळ्या पाचशेच्या नोटा. आणि 8 तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुन्या नोटांत मिळत होती. पण टॅक्सी, चहा, डबा, डायपर, यांना सुटे कुठून आणायचे? आमच्या गावच्या मंडळाची करी रोडला खोली आहे, गिरण्यांच्या काळापासूनची. तिथल्या पोरांनी शंभर-शंभरच्या नोटा गोळा करून नवऱ्याच्या हातात ठेवल्या. तो तिथेच राहिला, मी वॉर्डात. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या लालबाग-परळ भागात आहेत. आपल्या गावची आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या.

सकाळी साडेसातला तिला आत नेलं, दुपारी चारला बाहेर आणलं. मूत्राशय बंद करून आत बसवलं होतं, हाडं कापून पुढे जुळवली होती, आणि कमरेपासून दोन्ही पायांना प्लास्टर. पोटातून तीन नळ्या: दोन बारीक, एकेका किडनीकडून येणाऱ्या, आणि एक जाड, मूत्राशयातून. पाठीतून दुखण्याच्या औषधाची नळी होती, त्यामुळे पहिले काही दिवस ती मला वाटलं होतं त्यापेक्षा शांत होती. ती नळी काढल्यावर मात्र मूत्राशयाचे पेटके यायला लागले. अचानक अंग आखडायचं, चेहरा लाल, रडणं थांबायचंच नाही. त्यावर औषध असतं, ते वेळेआधी मागून घ्या. "रडतंय बाळ, रडू दे" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

नळ्यांचा हिशोब माझ्याकडे होता. शंभर पानी वहीत तीन रकाने आखले: डावी, उजवी, मोठी. दर दोन तासांनी प्रत्येक पिशवीतली लघवी सिरिंजने मोजून लिहायची. एका पहाटे डाव्या रकान्यात सलग दोनदा शून्य आलं. सिस्टरना उठवलं, त्यांनी नळी पाहिली तर प्लास्टरच्या कडेला दुमडली होती. सरळ केल्यावर धार लागली. डॉक्टर राउंडला आले की आधी माझी वही बघायचे, मग त्यांचा तक्ता. अशी वही ठेवाच.

बारीक नळ्या आधी निघाल्या. मोठी नळी काढण्यापूर्वी तिला चिमटा लावून, सोनोग्राफी करून, किडन्या फुगत नाहीत ना ते बघितलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. योजनेबाहेर आमचे राहणं, प्रवास, बाहेरून आणलेलं सामान धरून सुमारे 45 हजार गेले. घरी जाताना खासगी गाडी करावी लागते, हे आधीच हिशोबात धरा.

घरी आल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला: "अजून लघवी गळतेच की?" हो, गळते. पहिल्या ऑपरेशनने ताबा येत नाही, येणारच नसतो. मूत्राशय आत जातं, सुरक्षित होतं आणि थोडं थोडं भरायला शिकतं, एवढंच त्याचं काम. हे माहीत नसेल तर आईबाप उगाच खचतात.

त्यानंतरची पाच वर्षं म्हणजे डायपर, रोज रात्री कमी डोसचं अँटिबायोटिक आणि सोनोग्राफी. मूत्राशय बंद केल्यावर लघवी किडन्यांकडे उलटी जाते, त्यामुळे ताप आला की आधी लघवीची तपासणी. 2018 च्या पावसाळ्यात तिला एकदा जोराचा ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरांना मी फाइलचं पहिलं पान दाखवलं, त्यांनी वेळ न घालवता साताऱ्याला पाठवलं. त्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, चालू औषधं आणि ठळक अक्षरांत 'लेटेक्स टाळा' असं लिहिलं आहे. या मुलांना वारंवार ऑपरेशनमुळे रबराची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका असतो. हातमोजे, नळ्या सगळं लेटेक्सविरहित हवं. वाढदिवसाचे फुगेसुद्धा. अंगणवाडीत हे पटवून द्यायला मला वेळ लागला, पण ताईंनी पुढे फुग्यांऐवजी पताका लावायला सुरुवात केली.

ती दीड वर्षाची असताना चालायला लागली, पावलं जरा बाहेर टाकत. हाडांमुळे तसं होतं, चालणं अडत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यातल्या डॉक्टरांनी संदर्भपत्र दिलं आणि जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी मोफत व्हायला लागली. मुंबईचा प्रत्येक हेलपाटा वाचवायचा तर हे पत्र घ्या. डायपरला महिन्याला दीड हजार लागायचे, घरात असताना लंगोट वापरून ते हजारावर आणले.

नातेवाइकांत एक सल्ला सारखा यायचा: "मुलगी आहे, कुणाला सांगू नका, पुढे अवघड जाईल." आम्ही ऐकलं नाही. घरातल्यांना, अंगणवाडीताईंना, शाळेतल्या बाईंना, शेजारच्या काकूंना सगळं सांगितलं. लपवलं असतं तर तिला मदत कुणी केली असती? सांगितलं म्हणून कुणी वाईट वागलं असं एकदाही झालं नाही.

दुसरं ऑपरेशन पाचव्या वर्षी व्हायचं, कोविडमुळे सगळं पुढे गेलं. ऑक्टोबर 2021 मध्ये भूल देऊन मूत्राशयाची क्षमता मोजली: 60 मिली. एक वर्षाने पुन्हा: 75. मुलांच्या मूत्राशयाचा साधा हिशोब असा, वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं. सहा वर्षांच्या मुलाचं 240 मिली हवं. सर्जन म्हणाले, नुसतं मूत्राशयाचं तोंड घट्ट करून भागणार नाही, पिशवीच लहान आहे. आतड्याचा तुकडा लावून ती मोठी करायची, आणि अपेंडिक्स वापरून बेंबीपासून मूत्राशयापर्यंत बारीक वाट करायची. मग दर तीन-चार तासांनी बेंबीतून नळी घालून लघवी काढायची. या वाटेला मित्रोफानॉफ म्हणतात. त्या नावाच्या फ्रेंच सर्जननी 1980 मध्ये ही पद्धत मांडली. काही मुलांना एवढं लागत नाही, तोंडाच्या दुरुस्तीवरच ताबा येतो. आमच्या लेकीला लागणार होतं.

आयुष्यभर नळी, हे ऐकून नवरा उठून बाहेर गेला. मीही हो म्हणू शकले नाही. सर्जननी घाई केली नाही. पुढच्या ओपीडीला त्यांनी एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला आमच्याच वेळेला बोलावलं. त्या मुलाने दप्तरातून कंपासपेटी काढली. आत पेन्सिली नव्हत्या; नळी, जेलीची ट्यूब, ओले रुमाल. हात धुतले, शर्ट वर केला, बेंबीत नळी सरकवली, लघवी बाटलीत काढली, नळी धुऊन परत पेटीत. बोलता बोलता, आयपीएलचा स्कोअर विचारत. माझी लेक तोंड उघडं ठेवून बघत होती. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "मग मला डायपर नाही लागणार?" आमचा निर्णय तिथेच झाला. तुम्हाला कुणी अशी भेट घालून देत नसेल तर मागा.

मे 2023, शाळेची सुट्टी बघून तारीख घेतली. ऑपरेशन नऊ तासांवर चाललं. लहान आतड्याचा तुकडा काढून मूत्राशयाला लावला, मूत्राशयाचं तोंड घट्ट केलं, किडन्यांकडून येणाऱ्या नळ्या नव्याने बसवल्या, बेंबीची वाट केली. आतडं जोडलेलं असल्याने काही दिवस तोंडाने काही नाही, नाकातून नळी. गॅस सरला तेव्हा पूर्ण वॉर्डला मी सांगितलं. योजनेत सगळे भाग बसले नाहीत, 62 हजार आम्ही भरले. प्रत्येक भागाची मंजुरी आली का, हे दाखल व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून लेखी बघून घ्या.

घरी आलो तेव्हा बेंबीतली नळी चार आठवडे तशीच ठेवायची होती, वाट बुजू नये म्हणून. आतड्याचा तुकडा मूत्राशयात गेला तरी चिकट स्राव करतच राहतो. लघवीत शेंबडासारखे धागे दिसतात, ते नॉर्मल आहे. पण तेच धागे नळी तुंबवतात. म्हणून रोज 50 मिलीच्या सिरिंजने सलाइन आत सोडून, हळू ओढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. एका रात्री दोनला लेक पोट धरून उठली, नळीला लावलेली पिशवी रिकामी. सिरिंज लावली, सलाइन आत जाईना. सिस्टरनी शिकवलं होतं तसं नळी किंचित फिरवली, थोडं थोडं सोडून-ओढून पाहिलं, आणि बोटाएवढी चिकट गाठ बाहेर आली. जोर लावायचा नाही, हे विसरू नका.

जूनच्या शेवटी नळी निघाली आणि नळी घालायचं शिक्षण सुरू झालं. आधी दर दोन तासांनी, मग तीन, आता चार. आठ नंबरची नेलॅटन नळी मेडिकलमध्ये तीस-चाळीस रुपयांना मिळते, आमच्या सर्जनच्या सांगण्याप्रमाणे साबणाने धुऊन, वाळवून काही दिवस वापरतो. शाळेत ती जुलैत गेली. डॉक्टरांकडून मराठीत पत्र मागून घेतलं होतं: कधी जावं लागेल, किती वेळ, काय लागेल. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिच्या नावाने ठेवली. पहिले काही महिने मी मधल्या सुट्टीत जायचे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतः शिकली, आता मी जात नाही. दिवसा पूर्ण कोरडी असते. रात्री झोपताना एकदा आणि पहाटे एकदा.

आतड्याचा तुकडा लावलेल्या आणि नळीने लघवी काढणाऱ्या मुलांच्या रिपोर्टमध्ये जंतू आणि पस सेल्स जवळजवळ कायम दिसतात. ताप नाही, दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं आमच्या सर्जननी पत्रावर लिहून दिलं आहे. बाहेरच्या डॉक्टरांना ते दाखवावं लागतं. वर्षातून एकदा सोनोग्राफी, खडे होतात का ते बघायला. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडन्यांचं काम कळायला), बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल वाढलं का ते कळायला) आणि बी-12 जीवनसत्त्व. पाणी भरपूर.

पुढची यादी अजून आहेच. पाळी सुरू होण्याच्या आसपास पुन्हा तपासणी, कदाचित एक छोटं ऑपरेशन. मोठेपणी मूल होऊ शकतं, बाळंतपण अनुभवी डॉक्टरांकडे, बहुतेक सिझेरियनने. हे सगळं सर्जननी मला सांगितलंय, तिला तिच्या वयाप्रमाणे सांगतेय. गेल्या वर्षी तिने विचारलं, माझ्या पोटावर रेघ का आहे, तर तिला मी जन्माच्या वेळचा फोटो दाखवला. ज्यांना नकोसं वाटेल त्यांनीही तो एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांनाही पुढे लागतो.

तिच्या दप्तरात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड आहे, त्याची दुसरी प्रत बाईंकडे. त्यावर मराठीत असं: मूत्राशयाला आतड्याचा तुकडा जोडलेला आहे. नळी आत जात नसेल तर जोर करू नका, बारीक नळी आणि जेली वापरून एकदा बघा, तरीही गेली नाही तर लगेच हॉस्पिटलला न्या, कारण खालून लघवी बाहेर येऊ शकत नाही. पोटात जोरात दुखून उलट्या होत असतील तर मूत्राशय फुटलेलं असू शकतं, थांबू नका. रबरी हातमोजे वापरू नका. खाली आमचे दोन नंबर आणि वॉर्डचा नंबर. तुमच्या मुलाचं असं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून मजकूर तपासून असं कार्ड करून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनसकट पन्नास रुपयांच्या आत होतं.